पायपरबुवा

समाज हौशी माणसांना सांभाळून घेतो, त्याचं खरं कारण औदार्य नाही. बहुतेक हौशी लपवता येतात, हे आहे. हौशी कवीची वही कपाटात राहते. हौशी चित्रकार आपली चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवतो. हौशी तबलजी तबल्यावर पंचा टाकतो, पेटीवाला भाता हलका मारतो आणि गाणाऱ्याला तर न्हाणीघर आहेच. अशा मंडळींना आपण वर्षातून एकदा गणेशोत्सवात व्यासपीठावर बसवतो, नारळ देतो आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरून जातो.

बॅगपाइप वाजवणाऱ्याला ही सोय नाही. हे वाद्य हळू वाजत नाही. वाजवणारा अडाणी म्हणून नव्हे. हळू वाजणं त्याच्या घडणीतच नाही. दाब कमी केला की आवाज लहान होत नाही, सूर घसरतो. आणखी कमी केला की सगळं गळा काढून बंद पडतं. आवाज भरतो शंभर डेसिबलच्या वर. उस्ताद आणि शिकाऊ, दोघांचाही तेवढाच. उस्तादाचा बरोबर सूर जितका लांब जातो, तितकाच शिकाऊचा चुकीचा. दुसऱ्या कुठल्या कलेत इतकी समता मी पाहिलेली नाही.

ग्लासगोत आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असे एक हौशी पायपर राहतात. दिवसा एका कचेरीत हिशेब तपासतात. संध्याकाळी पाइप वाजवतात. गवईबुवा, कीर्तनकारबुवा, तसे हे पायपरबुवा, असं त्यांचं नाव आमच्या घरात पडलं. त्यांच्या बायकोला आम्ही आपसांत वहिनी म्हणतो. त्या माउलीला याचा पत्ता नाही. पण नवऱ्याचा छंद ज्या चेहऱ्याने ती सोसते, तो चेहरा पाहिला की दुसरा शब्द सुचत नाही.

घरात बुवा अख्खा पाइप वाजवत नाहीत. घरात वाजतो तो सरावाचा चँटर, म्हणजे पिशवीशिवायची नुसती बोटांची नळी. तिचा आवाज सर्दी झालेल्या पुंगीसारखा असतो आणि भिंतीतून येईपर्यंत तो बराच माणसाळलेला असतो. या मुलुखात नवशिक्याला वर्षभर तरी एवढंच देतात. वर्षभर पुंगी वाजवूनही ज्याचा उत्साह टिकतो, त्यालाच पिशवी मिळते. दीक्षा द्यायची ही पद्धत मला फार शास्त्रशुद्ध वाटते. पेटीच्या क्लासात ती आणली असती, तर पुण्यातल्या कित्येक इमारती सुखी झाल्या असत्या.

वाद्य तसं समजायला सोपं. डाव्या काखेत पिशवी. तोंडात फुंकायची नळी. खांद्यावर तीन ड्रोन, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या: दोन मध्यम, एक खर्जाची. आपल्याकडे सनईवाल्याच्या मागे बसून एकजण नुसता सूर धरतो ना, तो इथे खांद्यावरच बसवलेला असतो. पुढे चँटर. त्यात सनईसारखी दुहेरी पत्ती आणि सगळे मिळून नऊ सूर. खालचा एक कोमल निषाद, मग षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत, जवळपास आपला खमाज थाट. या नऊ सुरांवर स्कॉटलंडने लग्नं लावली, माणसं पुरली आणि लढायाही लढल्या. लाकूड येतं टांझानिया-मोझांबिककडचं, काळंभोर आफ्रिकन ब्लॅकवूड. पिशवी पूर्वी मेंढीच्या कातड्याची असे, आता बऱ्याचदा गोअरटेक्सची, म्हणजे ज्या कापडाचे महागडे रेनकोट होतात त्याची. या देशाचं हवामान पाहता वाद्यालाच रेनकोट घातला, हे बरंच झालं.

अवघड आहे ते पुढे. फुंकायचं, पण श्वास घेताना आवाज तुटता कामा नये. म्हणून तेवढ्या वेळात काखेने पिशवी दाबायची. फुंकर आणि दाब यांचा हवाला एकमेकांना असा द्यायचा की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये. वर बोटं, त्याखाली चालणारे पाय. शिवाय आवाज थांबवताच येत नाही. एकच सूर लागोपाठ दोनदा घ्यायचा तर मध्ये गप्प कसं बसणार? म्हणून दोन सुरांमध्ये विजेसारखा एक कण टाकतात. हे कण एकेकटे येतात, जोडीने येतात आणि झुंडीनेही येतात. त्यांना नावं आहेत: बर्ल, ग्रिप, तोर्लुआ, क्रून्लुआ. आपल्या तबल्याच्या बोलांसारखे ते तोंडाने म्हणायची जुनी गेलिक पद्धतही आहे. बुवा हे बोल बसमध्ये पुटपुटतात. शेजारची सीट कायम रिकामी मिळते, हा त्यातला व्यावहारिक फायदा.

बोटांना तर विश्रांती माहीत नाही. छत्रीचा दांडा, जिन्याचा कठडा, सुपरमार्केटच्या ढकलगाडीची मूठ, जे गोल आणि लांबट असेल त्यावर बुवांची बोटं चालू होतात. एकदा चर्चमध्ये लग्नाला गेलो असताना, शपथा चालू आहेत तोवर वहिनींच्या मनगटावर त्यांनी नाचाची एक अख्खी रील वाजवून घेतली. बघणाऱ्यांना वाटलं, या वयातही काय प्रेम आहे!

अख्ख्या पाइपचा सराव मात्र बाहेर. केल्विनग्रोव्ह पार्कमध्ये एका कोपऱ्यात बुवा उभे राहतात. आधी ड्रोन लावायचे. ड्रोनच्या नळ्या एकीत एक सरकणाऱ्या. वर सरकवली की सूर उतरतो, खाली ढकलली की चढतो. दोन ड्रोन जवळ आले की हवेत एक लाट ऐकू येते, वुंव-वुंव-वुंव. ती मंदावत मंदावत नाहीशी झाली की सूर जुळला. आपले तंबोरेवाले याला हसणार नाहीत. पण तंबोरा लावताना समोर रसिक बसलेले असतात आणि ते 'वा!' म्हणतात. इथे समोर असतं एक कुत्रं. खर्जाचा ड्रोन लागला की ते मान वर करून साथ धरतं. त्याचा मालक बुवांकडे आणि बुवा मालकाकडे एकाच अर्थाने बघतात.

ये-जा करणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. परदेशी पाहुणे जवळ येतात, फोटो काढतात, उघड्या पेटीत नाणं टाकतात. गावातले लोक रस्ता बदलतात. म्हणजे स्कॉटलंडचा आत्मा म्हणून जगाला जे विकलं जातं, ते स्कॉटलंडच्या माणसाला शक्यतो पलीकडच्या फुटपाथवरून ऐकायचं असतं. आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. ढोल-ताशाच्या व्हिडिओवर अभिमानाने ऊर भरून येणारे आपण, पथकाचा सराव खिडकीखाली सुरू झाला की नगरसेवकाला फोन लावतो.

पाइपवरून होणारा वाद जुना आहे आणि कोर्टकचेऱ्यांत जाऊन आलेला आहे. ब्रिटनच्या राजाविरुद्ध झालेल्या 1745 च्या जॅकोबाइट उठावानंतर जेम्स रीड नावाच्या पायपरवर यॉर्कला खटला चालला. मी शस्त्र हाती घेतलंच नाही, फक्त पाइप वाजवत होतो, हा त्याचा बचाव. कोर्टाने ठरवलं की हायलँडची पलटण पाइपशिवाय कूच करत नाही, तेव्हा पाइप हेच युद्धाचं हत्यार. 1746 मध्ये त्याला फाशी झाली. अडीचशे वर्षांनी, 1996 मध्ये, लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर पाइप वाजवणाऱ्या एका गृहस्थांना बागेच्या नियमावरून कोर्टात खेचलं. तिथे वाद्य वाजवायला परवानगी नव्हती. गृहस्थ म्हणाले, हे वाद्य नाहीच मुळी. यॉर्कच्या निकालाप्रमाणे हे हत्यार आहे. कोर्टाला पटलं नाही, दंड झाला. हत्यार म्हणा की वाद्य म्हणा, शिक्षा वाजवणाऱ्यालाच.

तरीही वाजवणारे थांबलेले नाहीत. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या सॉर्ड किनाऱ्यावर बिल मिलिन नावाचा तरुण पायपर गोळीबारात पाइप वाजवत येरझारा घालत होता. पायपरला आघाडीवर पाठवायचं नाही, असा नियम असताना लॉर्ड लोव्हॅट या त्याच्या अधिकाऱ्याने त्याला नेलं होतं. पुढे पकडलेल्या जर्मनांनी सांगितलं की, याचं डोकं फिरलंय असं समजून आम्ही त्याच्यावर गोळी झाडली नाही. ही गोष्ट बुवा मला वारंवार सांगतात. आपल्या छंदाला कुणीतरी, कुठेतरी, एकदा का होईना सवलत दिली होती, याचा आधार माणसाला लागतो.

आणि राजवाड्यालाही सुटका नाही. व्हिक्टोरिया राणीने 1843 मध्ये पदरी पायपर ठेवला, ती नेमणूक अजून चालू आहे. एलिझाबेथ राणीच्या खिडकीखाली सकाळी नऊ वाजता पाव तास पाइप वाजे; 2022 मध्ये तिच्या अंत्यविधीलाही तिच्या पायपरने वाजवलं. वहिनींना एवढंच वाटतं की राणीकडे निदान वेळ तरी ठरलेली होती.

बुवांचं खरं आयुष्य गुरुवारी रात्री एका चर्चच्या हॉलमध्ये असतं. तिथे त्यांच्या पाइप बँडचा सराव. एकदा हौसेने मीही गेलो. लांब टेबलाभोवती दहा-बारा माणसं चँटर घेऊन बसलेली: एक प्लंबर, एक निवृत्त बाई, एक दातांचा डॉक्टर, दोन शाळकरी पोरं. ढोलवाले पलीकडच्या खोलीत रबरी पॅडवर टकटक करत असतात; त्यांना आणि पायपरांना एकमेकांबद्दल जे वाटतं, ते चहाच्या वेळेस फक्त भुवयांतून व्यक्त होतं. टेबलाच्या टोकाला पाइप मेजर. बँडचा कारभारी, गुरुजी आणि कोतवाल एकाच अंगावर. बारा जणांत कुणाच्या करंगळीने उशीर केला, ते या माणसाला डोळे मिटून कळतं. तो ओरडत नाही. नुसता त्या माणसाकडे बघतो आणि म्हणतो, "पुन्हा." मला शाळेतले गणिताचे मास्तर आठवले.

मग चहा, शॉर्टब्रेड आणि मग पाइप. आता सूर लागणार म्हणून मी सरसावून बसलो, तर पाइप मेजरने खिशातून काळ्या इन्सुलेशन टेपचं रीळ काढलं. वायरमन वापरतो तीच टेप. पहिल्या पायपरसमोर तो उभा राहिला. डाव्या हातात सूर मोजायचं छोटं यंत्र. पायपरने वरचा षड्ज धरला. यंत्राचा काटा उजवीकडे, म्हणजे सूर चढा. मनगटाच्या मागे चिकटवून ठेवलेल्या टेपच्या बारीक पट्ट्यांतून त्याने एक उचलली, चँटरच्या भोकाच्या वरच्या कडेवर बसवली आणि अंगठ्याच्या नखाने केसभर खाली सरकवली. काटा मध्यावर. पुढचं भोक. मग पुढचा सूर. मग पुढचा माणूस. दहावा पायपर होईपर्यंत पहिल्याचा पाइप फुंकून फुंकून गरम झाला होता आणि गरम झाला की सूर चढतो. पाइप मेजर काही न बोलता पहिल्याकडे परत गेला. अडीच तासांच्या सरावात अर्धा तासही वाजवणं झालं नाही. कुणाची तक्रार नव्हती. बुवा तर परतताना फार खुशीत होते: "आज सूर छान लागला होता." मी म्हटलं, "कधी?" ते म्हणाले, "निघायच्या आधी."

स्वच्छता हाही सरावाचाच भाग. पिशवीत दिवसरात्र माणसाचा ओलसर श्वास कोंडलेला असतो. 2016 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एका पायपरची हकीगत छापली: पाइपमधल्या बुरशीने त्याची फुप्फुसं निकामी झाली आणि त्यात तो गेला. परदेशी असताना, पाइप जवळ नव्हता तेव्हा, त्याला बरं वाटत होतं. हा हसण्याचा विषय नाही. तेव्हापासून वहिनींनी छंदाला एकच अट घातली आहे. दर वापरानंतर नळ्या पुसायच्या आणि पुसलेल्या दाखवायच्या. जेवणाच्या टेबलावर नव्हे.

वर्षभराच्या या तपश्चर्येचं फळ ऑगस्टमध्ये. ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर जागतिक पाइप बँड स्पर्धा भरते. दोनशेच्या आसपास बँड येतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, कुठकुठून. 1987 मध्ये टोरोंटोच्या '78थ फ्रेझर हायलँडर्स'ने पहिली श्रेणी जिंकली. ब्रिटनबाहेर गेलेलं ते पहिलंच अजिंक्यपद. स्कॉटलंडला तेव्हा काय वाटलं असेल, हे क्रिकेट पाहणाऱ्या इंग्रजाला विचारावं. बँडच्या श्रेण्या लावतात रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशनवाले. ही संस्था 1930 ची. बुवांचा बँड 'चार ब' मध्ये. मी आपला इयत्ता चौथी, तुकडी ब असंच समजतो आणि तसंच आहे ते. फक्त शाळा उलटी आहे. चौथी ब मधून चौथी अ, मग तिसरी, दुसरी आणि आयुष्यभर घासूनपुसून वाजवलं तर पहिलीत प्रवेश. पन्नाशी उलटलेला माणूस नापास होऊन पुन्हा चौथीत बसतो आणि पुढच्या वर्षीची फी भरतो, हे दृश्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मंडळी पहाटे निघतात. आठ वार लोकरीचा किल्ट, गुडघ्यापर्यंत जाड मोजे, जाकीट, टोपी. ऑगस्टातही ऊन पडतं कधी कधी, आणि पडलं तर ते नेमकं त्या दिवशी पडतं. मैदानाच्या कडेला बसगाड्यांच्या आडोशाने पन्नास बँड एकाच वेळी पन्नास वेगवेगळ्या गोष्टी वाजवत सूर लावत असतात. त्यात कुणाला स्वतःचा पाइप ऐकू येतो, हा चमत्कार आहे. काळ्या टेपचं रीळ हिंडत असतं. मग हाक येते. ढोलावर दोन वेळा घुमारा, पाइपचा पहिला सूर सगळ्यांनी एकाच क्षणी धरायचा, आणि बँड चालत येऊन मैदानात गोल करून उभा राहतो. तोंडं आत. म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ. मी पौंड मोजून तिकीट काढलं आणि बुवांच्या किल्टच्या मागच्या चुण्या पाहिल्या. चार परीक्षक हातात पॅड घेऊन त्या गोलाभोवती हिंडतात, एखाद्या पायपरच्या मागे थबकतात, काहीतरी लिहितात. ज्याच्या मागे थबकतात, त्याच्या मानेवरून मला कळतं. तीन-चार मिनिटांत सगळं संपतं. तीन-चार मिनिटं! लग्नात अक्षता वाटायला याहून जास्त वेळ लागतो.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत वाट पाहायची. निकालाला सगळे बँड मैदानात ओळीने उभे. त्या उभं राहण्यात एक गंमत असते: सकाळी एकमेकांकडे न बघणारे पायपर आता एकमेकांच्या चँटरमधल्या पत्त्यांची चौकशी करतात, पानसुपारीसारखी त्यांची देवघेव चालते, खांद्यावरचे पाइप ओझं वाटेनासे होतात. बुवांच्या बँडचा नंबर आला नाही. बँड कितवा आला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बसमध्ये मात्र सगळ्यांनी मिळून एकमताने ठरवलं की तीन नंबरचे परीक्षक बहिरे होते.

बाकीचे कार्यक्रम घरगुती. 25 जानेवारीला बर्न्स नाइट असते, रॉबर्ट बर्न्स या कवीचा जन्मदिवस. त्या रात्री हॅगिस हा पदार्थ ताटात घालून मिरवत आणतात: पुढे पायपर, मागे आचारी. एका पदार्थाला एवढा मान मी फक्त आपल्या नैवेद्याला पाहिलेला आहे. मिरवणूक संपली की पायपरला व्हिस्कीचा पेला मिळतो. जानेवारीच्या अखेरीस बुवांना आमंत्रणं फार. लग्नाला वाजवायचं तर चर्चच्या दारात उभं राहायचं, नवरी उशिरा येणार हे नक्की, पाऊस वेळेवर येणार हेही नक्की. थांबलं की पत्ती सुकते, म्हणून अधूनमधून वाजवत राहायचं. वाजवलं की आत बसलेल्या नवऱ्याला वाटतं नवरी आली, आणि तो उठून उभा राहतो. हायलँडमधल्या खेळांच्या मेळ्यात तर मिजेस. चिलटाएवढा प्राणी, पण झुंडीने येऊन चावतो. पायपरचे दोन्ही हात गुंतलेले, तोंड गुंतलेलं, काख गुंतलेली. बुवांच्या कपाळावर शंभरेक मिजेस जेवत होत्या आणि बुवा न चुकता मार्च वाजवत होते. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल प्रथम खरा आदर वाटला. अंत्ययात्रेलाही ते वाजवतात. तिथे मी कधी हसलेलो नाही.

उरलेल्या संध्याकाळी दुसऱ्यांचं ऐकायला. ग्लासगो 2008 पासून युनेस्कोचं संगीतनगर आहे आणि हे लोक ते बिरुद मनावर घेतात. फिनिस्टनमधल्या 'बेन नेव्हिस' पबात एका कोपऱ्यात टेबलाभोवती फिडल, बासरी, अकॉर्डियन घेऊन माणसं बसतात. याला सेशन म्हणतात. कुणी पुढारी नाही, निवेदक नाही, 'आता आपल्यासमोर' नाही. एकाने चाल सुरू करायची, बाकीच्यांनी उचलायची. एक चाल दोन-तीनदा झाली की न थांबता दुसरीत घुसायचं. इथेही पाठ लोकांकडेच. चालीचं नाव विचारलं तर कुणालाच आठवत नाही. मोठा पाइप इथे चालत नाही: तो सुरू झाला तर बाकीच्यांना घरी जावं लागेल आणि त्याची पट्टीही कुणाशी जुळत नाही. म्हणून बुवा लहान पाइप आणतात. तो कोपराखालच्या भात्याने वाजतो, तोंडाने नाही. त्यामुळे तोंड मोकळं राहतं. हाच त्याचा मोठा दोष.

कारण बुवा शेजारी असताना गाणं ऐकणं ही शिक्षा आहे. जानेवारीत सेल्टिक कनेक्शन्स महोत्सव असतो, 1994 पासूनचा. एका रात्री तिथे आम्ही ऐकत होतो. व्यासपीठावर पायपर असा काही वाजवत होता की हॉलमधली माणसं खुर्च्यांच्या कडेवर आली होती. माझ्या अंगावर काटा. त्याच क्षणी बुवा कानाशी: "खर्जाचा ड्रोन अंमळ चढलाय." काटा बसला तो पुन्हा आलाच नाही. एका सेशनमध्ये मला न राहवून तोंडातून "क्या बात है" निघालं. फिडलवाल्या आजीबाई दचकल्या. पण मग बुवांच्या कोपराला कोपर मारून त्यांनी मान डोलावली. इथे दाद देतात ती ग्लास टेबलावर जरा जोरात ठेवून.

आपला आणि पाइपचा संबंध तसा काही परका नाही. 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, तेव्हा आपल्या लष्कराचे पाइप बँड वाजतात ते आपण टीव्हीवर दरवर्षी पाहतो. गढवालच्या लग्नांत मशकबीन वाजते. सियालकोटला तर पाइप बनवून जगभर धाडतात. या सगळ्या इतिहासाच्या जोरावर बुवांनी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीला साथ देण्याचा प्रस्ताव मांडला. पेटीवाल्या काकांनी विचारलं, "पट्टी कुठली?" पाइपचा षड्ज कागदावर काहीही लिहिलेला असो, वाजतो तो 480 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत. तिथे पेटीला पट्टीच नाही. काकांनी पेटी मिटली आणि चष्मा पुसला. आरती झाली. एवढ्या माणसांत पहिल्यांदाच कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही, कारण पाइपच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं. कडवं संपल्यावर टाळ्यांसाठी जी जागा असते, ती मात्र राहिली नाही. पाइप थांबत नाही. मंत्रपुष्पांजली सुरू झाली तेव्हा पिशवीतली उरलेली हवा अजून बाहेर पडत होती. प्रसाद घेताना एक आजी म्हणाल्या, "देवाला ऐकू गेलं असणार, एवढं नक्की."

तेव्हा पायपर भेटला तर चार गोष्टी पाळाव्यात, एवढी विनंती. किल्टच्या आत काय असतं, हे विचारू नये. तो प्रश्न त्याने आपल्या जन्माच्या आधीपासून ऐकलेला आहे. तो सूर लावत असताना 'सुरू कधी करणार?' म्हणू नये. 'अमेझिंग ग्रेस' वाजवा अशी फर्माईश करू नये. रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सच्या बँडने 1972 मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाच आठवडे पहिल्या नंबरावर ठेवलं, तेव्हापासून पायपर ते वाजवतोच आहे. आणि शेजारी राहायला आला तर पोलिसांना फोन करण्याआधी त्याच्या सरावाचा वार विचारून घ्या, त्या संध्याकाळी बाहेर जेवायला जा, आणि वर्षातून एकदा त्याच्या स्पर्धेला जाऊन त्याच्या पाठीला टाळ्या द्या. त्याच्या वाट्याला त्या फार येत नाहीत.